नाक्यावरची भाकर

१४ जानेवारी १९६३

संक्रांत. हातात तिळगूळ आणि दारात पक्षकार. वकिलाला सणवार नसतो, चालायचंच.

नुरजी नावाचा पावरा आदिवासी, डोंगरातल्या पाड्यावरचा. चाळिशीचा असेल. सोबत धाकटा भाऊ, तो लोणखेड्याला एका गुजर पाटलाकडे सालदार आहे. बोलला सगळं भाऊच. नुरजी माझ्या ओसरीचं छत बघत बसला होता.

हकिकत अशी. नुरजी बैलगाडी घेऊन भावाकडे निघालेला. मुलाच्या सोयरिकीची बोलणी व्हायची होती. त्यांच्यात मोहाच्या दारूची धार जमिनीवर सोडून सगळ्यांनी घोट घेतल्याशिवाय बोलणं पक्कं होत नाही. म्हणून टोपलीत तळाला दारू भरलेला भोपळ्याचा तुंबा, त्यावर भाकरी, वर फडकं बांधलेलं. गावाबाहेरच्या नाक्याजवळ निंबाखाली गाडी सोडली, बैलांपुढे चारा टाकला, जेवायला बसणार तोच पोलिसांचा कुत्रा आला आणि गाडीपाशी बसला. याने टोपलीचं फडकं सोडून त्याच्यापुढे भाकर धरली! फडकं सुटलं, तुंबा दिसला, फौजदारांनी याला धरलं.

दारूबंदीचा खटला. गाडी-बैल जप्त. भावाच्या पाटलाने जामीन राहून याला सोडवलंय. गुन्हा शाबीत झाला तर तुरुंग, शिवाय गाडी-बैल सरकारजमा. तुरुंगाचं ऐकून नुरजीच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. बैलांचं निघालं तसं मात्र छत बघणं थांबलं.

"मन्हा बैल सोडी दे," म्हणाला. जसे काही माझ्याच गोठ्यात बांधलेत.

केस घेतली.

१६ जाने.

कुत्र्याची चौकशी केली. कापडदुकानातल्या चोरीसाठी वरून मागवलेला. त्याने चोराचा माग एस्टी स्टँडपर्यंत काढला. पुढे चोर बसने गेला, कुत्रा थोडाच तिकीट काढणार! तेव्हा फौजदारांच्या डोक्यात आलं, आलाच आहे तर नाक्यावर उभा करू, गाड्यांतली दारू हुंगेल. नवा आहे हा फौ., हुशार आहे, लाच खात नाही. डोकं फार चालतं हाच त्याचा त्रास.

हॉटेलात भेटला तर मलाच म्हणतो, "वकीलसाहेब, माणूस फितेल, कुत्र्याचं नाक फितायचं नाही."

पंचनाम्याची नक्कल मिळाली. झडतीला दोन कारणं लिहिली आहेत. एक, कुत्रा गाडीजवळ बसला त्यावरून दारूचा संशय आला. दोन, आरोपीने राजीखुशीने स्वतः टोपली उघडून दाखवली. पठ्ठ्याने दोन्ही डगरींवर हात ठेवलाय. कुत्रा खोटा पडला तर राजीखुशी आहे, राजीखुशी पडली तर कुत्रा आहे. मला दोन्ही पाडायला हवीत.

कुत्र्याचं बघू. आधी राजीखुशी.

२१ जाने.

नुरजी डोंगरातून पायी आला. गाडी नाही ना. भाऊ दुभाष्या म्हणून बसला, पण बाजारापुरती अहिराणी नुरजीलाही येते.

म्हटलं, कोर्टात सांग, पोलिसांनी टोपली हिसकली.

"हिसकी नई."

अरे, पण पोलिसांना दाखवायला उघडली होतीस का?

"नई. कुत्राले भाकर देवाले उघडी."

मग हिसकली म्हटल्याने काय बिघडतं? तुझे बैल सुटतील.

बाबा भडकलाच की! हातवारे करून पावरीत कितीतरी बोलला. भावाने सार सांगितलं, ते असं: पाड्यावरचे लोक तारखेला येणार. नुरजीच्या हातून भाकर हिसकून घ्यावी लागली, असं भर कोर्टात त्यांच्या कानावर पडलं तर त्याची काय इज्जत राहील? जेवताना समोर कोणी येऊन बसलं आणि दिलं नाही, अशा घरात मुलगी कोण देणार? सोयरीक आधीच लोंबकळतेय.

म्हणजे बैल तर हवेत, पण कंजूष म्हणवून घ्यायची तयारी नाही. मी हात दाखवून अवलक्षण करून घेतलं.

जाताना उंबऱ्यात थांबला. "कुत्रानी खादी नई," म्हणाला. पुन्हा एकदा म्हणाला. कुत्र्याने भाकर हुंगली आणि मान फिरवली म्हणे. बायकोने मक्याची ताजी केलेली. वाईट वाटलं होतं त्याला, खरंच वाटलं होतं. मी समजावलं, पोलिसांचे कुत्रे परक्या हातचं खात नाहीत, तसं शिकवलेलं असतं.

"कोन शिकाडस?"

पोलीस.

यावर तो पावरीत काहीतरी पुटपुटला आणि भाऊ खो खो हसला. काय म्हणाला ते सांगेना.

२२ जाने.

सकाळी दात घासताना लक्षात आलं. माझा बेत होता, कुत्रा दारूसाठी बसलाच नाही, भाकरीच्या वासाने बसला, असं म्हणायचं. पण याने तर खाल्ली नाही! भाकरीसाठी बसलेला कुत्रा भाकर नाकारतो होय? प्रॉसिक्यूटर एवढं एकच विचारील आणि खाली बसेल.

सौ.ला सांगितलं. तिचं माहेर शिरपूरकडचं, रागावली किंवा चेष्टेत आली की अहिराणीवर येते. "कुत्राले भाकर दिन्ही, त्यानाबी गुन्हा? असा कायदा चुलामा घाला!" मग शुद्ध मराठीत, "आणि तुम्ही त्या गरिबाला खोटं बोलायला शिकवत होतात ना काल? मी आतून ऐकत होते."

म्हटलं, वकिली तुला काय कळते. "नाही कळत. आमटी वाढू का?" नको म्हटलं आणि तणतणत उठलो. दुपारभर पोटात कावळे कोकलत होते.

३० जाने.

कोंडवाड्यात जाऊन नुरजीचे बैल पाहिले. खिल्लारी नाहीत की काही नाहीत, डोंगरातले ठेंगणे, तांबूस. एकाने चारा खाणं सोडलंय. रखवालदार म्हणतो, धन्याची सवय असलेला आहे, पाठीवर थाप मारल्याशिवाय तोंड लावत नाही. आता थाप मारायला सरकार कुणाला नेमणार?

निकालापर्यंत बैल आरोपीच्या ताब्यात मिळावेत असा अर्ज टाकला. मॅजिस्ट्रेट साहेबांनी नामंजूर केला, "मूळ केसच लवकर घेतो" म्हणाले. माणूस सरळ आहे, उगाच तारखा लांबवत नाही. पण बैलाला हे कोण सांगणार.

नुरजीचं पोट त्या गाडीवर आहे. सरपण, बांबू उतरवून बाजारात विकतो. सध्या बायको आणि तो डोक्यावर मोळ्या आणतात.

७ फेब्रुवारी

केस निघाली. पाड्यावरची माणसं खरोखरच आली होती, व्हरांडा भरला. बायकांनी कोर्टाच्या पायरीवरच बैठक मारली, शिपाई हाकलून थकला.

आधी पंच. रहीमभाई, नाक्यावर त्याचं चहाचं दुकान. बापाच्या वेळेपासून आहे, त्यामुळे तिथं काही घडलं की पंच म्हणून हाच. मी विचारलं, टोपली आरोपीने उघडली ते तुम्ही पाहिलं?

"मी चहा गाळत होतो. फौजदारसाहेबांनी हाक मारली. गेलो तेव्हा टोपली उघडीच होती."

मग राजीखुशीने उघडली अशी सही कशी केलीत?

"साहेब बोलले तसं लिहिलेलं होतं. साहेब झूट कशाला लिहितील?"

बरं झालं. फार नाही, पण बरं झालं.

मग फौ. उभा राहिला. नीट बोलला. कुत्रा बसला म्हणून संशय आला, आरोपीने स्वतःहून टोपली उघडली, तुंबा मिळाला. मी विचारलं, टोपली उघडण्यापूर्वी तुम्ही आरोपीला झडतीचं सांगितलंत का? "गरजच पडली नाही. त्याने स्वतःच उघडली." कुणासाठी उघडली? "ते मी कसं सांगणार?" प्रामाणिक उत्तर. तिथेच सोडायला हवं होतं, मी आणखी दोन प्रश्न विचारून सगळं पातळ केलं. कधी कळणार मला गप्प बसायचं?

८ फेब्रु.

आज कुत्र्याचा हवालदार. कुत्रा व्हरांड्यात खांबाला बांधलेला, पावऱ्यांची पोरं लांबून बघत होती. काळा-पिवळा, देखणा आहे बेटा.

हवालदार साधा. कुत्र्याबद्दल बोलताना तोंडावर तेज येतं, आपल्या लेकाबद्दल सांगावं तसं. मी गोडीत घेतलं. याला काय शिकवलंय? "माणसाचा माग काढायचा, साहेब." दारूचा वास? "दारूचं नाही शिकवलेलं." बसतो तेव्हा काय समजायचं? "माग संपला असं समजायचं." मग त्या दिवशी नाक्यावर कोणाच्या मागावर होता?

हवालदार फौ.कडे बघू लागला. मॅजिस्ट्रेट साहेब म्हणाले, इकडे बघून बोला.

"कोणाच्याच नव्हता, साहेब. सकाळपासून उभा होता. ऊन लागत होतं. गाडी निंबाखाली होती, सावली तिथंच होती. थकला असेल, बसला."

कोर्ट हसलं. पायरीवरच्या बायकांना कोणीतरी पावरीत सांगितलं, त्याही हसल्या. माझी छाती फुगली. वाटलं, जिंकलो.

साहेब हसले नाहीत. चष्मा काढून म्हणाले, "कुत्रा सावलीला बसला असेल, वकीलसाहेब. पण दारू निघालीच ना?"

१० फेब्रु.

"पण दारू निघालीच ना?" दोन दिवस हेच डोक्यात घोळतंय. प्रॉसिक्यूटर हेच म्हणणार, सौ.चे भाऊ हेच म्हणाले, आणि कायदाही साधारण हेच म्हणतो. झडती बेकायदा असली तरी सापडलेली चीज नाहीशी होत नाही. फार तर कोर्ट पुराव्याकडे जरा डोळे बारीक करून बघतं. मग झडतीआधी सबळ कारण हवं, हे लिहिलंय कशाला? शोभेला?

आज रहीमभाईकडे चहाला थांबलो. तो आपणहून बोलला. म्हणे, त्या दिवशी सकाळपासून येईल ती गाडी थांबवली. कुत्रा बसो न बसो. एका गाडीत माहेराहून परतणारी सून होती, तिचं गाठोडं रस्त्यावर सोडायला लावलं. लुगडी, बाळंतविड्याचा डबा, सगळं मातीत. काही निघालं नाही. जा म्हणाले. तिने परत बांधलं आणि गेली.

हे कोर्टात का नाही सांगितलंत? "तुम्ही विचारलंच कुठं?"

खरं आहे, नाही विचारलं. आणि विचारलं असतं तरी प्रॉसिक्यूटर म्हणाला असता, त्याचा या खटल्याशी काय संबंध. खरंच, काय संबंध? तिच्या गाठोड्यात काही निघालं नाही, म्हणून तिचा खटला नाही. तिच्या वतीने कोणी वकील उभा राहणार नाही, कोणी मॅजिस्ट्रेट विचारणार नाही की तुला का थांबवलं. जिच्याकडे दारू नव्हती तिची झडती कायदेशीर की बेकायदा, हे ठरायचं तर ते दारू निघालेल्या नुरजीच्याच खटल्यात ठरणार. चोराच्या पाठीमागून सावाने उभं राहायचं, अशी ही तऱ्हा. चमत्कारिक आहे. मी इतकी वर्षं वकिली करतो आणि हे मला असं कधी दिसलं नव्हतं.

सौ.ला वाचून दाखवलं. ती सुपारी कातरत म्हणाली, "त्या सुनेला घरी गेल्यावर सासूने किती बोललं असेल ते लिहा."

१९ फेब्रु.

आज साहेबांनी आरोपीला विचारायचं होतं. पुरावा संपला की शेवटी कोर्ट स्वतः आरोपीला विचारतं, तुझं काय म्हणणं. तिथं वकिलाला मधे तोंड घालता येत नाही. मी नुरजीला बाहेर एवढंच सांगितलं, जे झालं ते सांग, जास्त बोलू नको. खोट्याचं नाव पुन्हा काढलं नाही. सौ.च्या धाकाने म्हणा.

साहेबांनी सोप्या शब्दांत विचारलं. तुंबा तुझा? "मन्हा." आत दारू होती? "व्हती." मी डोळे मिटले. गेलं, सगळं गेलं, तेलही गेलं आणि तूपही गेलं.

टोपली तू स्वतः उघडलीस?

"हा. मीच उघडी."

राजीखुशीने?

शब्द कळेना. भावाने पावरीत सांगितलं. नुरजी म्हणाला हो, मनाने उघडली. प्रॉसिक्यूटरने खुर्चीत पाठ टेकली.

साहेब मात्र थांबले नाहीत. म्हणाले, पोलीस समोर उभे होते, तुंबा आत आहे हे तुला माहीत होतं. तरी उघडलीस?

नुरजीने साहेबांकडे असं पाहिलं की या शिकलेल्या माणसाला एवढं कसं कळत नाही. बोलला ते जसंच्या तसं लिहून ठेवतो:

"पोलीस मांगता तं मी नई उघडतू. कुत्रा मन्हा समोर येईसन बसना. कुत्रानी मांगी."

शिरस्तेदारांनी शुद्ध मराठीत उतरवलं: पोलिसांनी मागितले असते तर मी उघडली नसती. कुत्रा माझ्यासमोर येऊन बसला. कुत्र्याने मागितले.

मी महिनाभर जे शोधत होतो ते याने तीन वाक्यांत सांगितलं, आणि मी त्याला खोटं बोल म्हणून शिकवत होतो. घरी येताना मला हसू येत होतं आणि लाजही वाटत होती. सौ.ला म्हटलं, जिलेबी कर. "जिंकलात का?" माहीत नाही म्हटलं. तरी केली.

२० फेब्रु.

युक्तिवाद. प्रॉसिक्यूटरचं थोडक्यात: आरोपीने सगळं कबूल केलंय. दारू त्याची, टोपली त्याने उघडली. आता झडती कायदेशीर होती का नव्हती हा काथ्याकूट कशाला?

मी उभा राहिलो. म्हटलं, झडतीला दोन कारणं लिहिली होती. कुत्र्याचं हवालदाराच्या साक्षीत सावलीत गेलं. राहिली राजीखुशी. ती कोणाशी? आरोपीने पोलिसाला गाडी बघायची परवानगी दिली नाही. समोर येऊन बसलेल्या जिवाला घास दिला. पोलिसाला तो नाही म्हणाला असता, हे त्याने कोर्टासमोर सांगितलंय. एकाला दिलेला घास ही दुसऱ्याला दिलेली संमती होऊ शकत नाही.

साहेबांची लेखणी थांबली.

"पण वकीलसाहेब, तो कुत्रा सरकारी होता."

कोर्टात पुन्हा हशा. पण साहेबांनी चेष्टेत म्हटलं नव्हतं, खरोखरच विचारलं होतं. म्हटलं, सरकारी होता, पण पट्टा नीट दिसत नव्हता, आणि दिसला असता तरी या माणसाला कुत्रा हा कुत्राच. सरकारने गणवेशातला माणूस पाठवला असता तर त्याला नाही म्हणता आलं असतं. सरकारने असा कोणी पाठवला ज्याला हा नाही म्हणूच शकत नाही. त्याच्या रीतीचा असा फायदा घ्यायचा का?

साहेब म्हणाले, "फौजदारांनी मुद्दाम केलं असं तुमचं म्हणणं आहे?" नाही म्हटलं. मुद्दाम नाही केलं. म्हणून तर कोणीतरी सांगायला हवं.

निकाल राखून ठेवला. ४ मार्च.

फौ. पायरीवर भेटला. राग नव्हता. विचारात होता. "मी त्याच्या जागी असतो तर उघडली नसती," म्हणाला. मी म्हटलं, मीही नसती उघडली.

२६ फेब्रु.

नंदुरबारला एका लग्नाला. जाताना कोंडवाड्यावरून गेलो. न खाणारा बैल आता खातो. रखवालदारच थाप मारतो म्हणे. नुरजीला कळवायला हवं, आनंद होईल. का वाईट वाटेल, कोण जाणे.

४ मार्च

निकाल नाही. साहेब आजारी, पुढची तारीख पडली. डोंगरातून पहाटे निघून आलेली माणसं, त्यांना हे सांगताना जीभ उचलत नाही. नुरजी व्हरांड्याच्या कडेला बसला, गाठोडं सोडलं. मी निघालो तर हातानेच खूण केली, बस. बसलो. अर्धी भाकर माझ्या हातावर ठेवली, वर लाल मिरचीचा ठेचा. मला वैद्याने तिखट वर्ज्य सांगितलंय. खाल्लं.

त्याने विचारलं, निकाल कसा लागेल? म्हटलं, सांगता येत नाही. साहेबांच्या मनात भरलंय काहीतरी, पण दारू निघाली तेही त्यांच्या मनातून जात नाही. सुटशील, न सुटशील. बैलांचंही तसंच.

मग वकील म्हणून जे सांगायला हवं ते सांगितलं. म्हटलं, निकाल काही का लागेना, यापुढे एक ध्यानात ठेव. रस्त्यात असं कोणी समोर येऊन बसलं तर गाठोडं सोडायचं नाही. बांधलेलं गाठोडं उघडायला पोलिसाला कारण द्यावं लागतं. तू आपणहून सोडलंस की सगळं तुझ्यावर येतं. कळलं?

कळलं म्हणाला. भाकर चावत राहिला. मीही चावत होतो. मग माझ्याकडे न बघता विचारलं,

"कुत्रासमोरच नई सोडानं, का मानुससमोरबी नई?"

माझ्या हातात त्याचीच भाकर. कायद्याने उत्तर सोपं आहे, बी.ए.च्या पोरालाही देता येईल. तरी "पुढच्या तारखेला ये, मग सांगतो," म्हणालो.

बरं म्हणाला. उरलेल्या भाकरी बांधल्या आणि माणसं गोळा करायला गेला.